दांड्यावरचे अक्षर

माझ्या गोल्फच्या काठीच्या दांड्यावर एक लहानसे रुपेरी अक्षर होते, आणि त्या अक्षराचा मला अभिमान वाटे, हे आज कबूल करावयास हरकत नाही. ते अक्षर 'एस' हे होते. एस म्हणजे 'स्टिफ', ताठ. ज्या गृहस्थाची पाठ सकाळी अंथरुणातून उठल्यावर सरळ व्हावयास पाच मिनिटे घेते, त्याला आपल्या मालकीची एखादी तरी वस्तू ताठ आहे याचे समाधान वाटावे, यात नवल ते काय?

ज्यांनी गोल्फचे मैदान मोटारीच्या खिडकीतूनच पाहिले असेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. खेळणाऱ्याच्या थैलीत जास्तीत जास्त चौदा काठ्या असू शकतात. त्यांतली सर्वांत लांब ती ड्रायव्हर. पहिला, दूरचा टोला हिनेच हाणावयाचा. हिचे डोके हल्ली टायटेनियमचे, आतून पोकळ, नारळाच्या वाटीएवढे फुगीर आणि सुमारे २०० ग्रॅम वजनाचे असते. दांडा ग्रॅफाइटचा, अवघा ५० ते ७० ग्रॅमचा. दुकानात जो तो डोक्याकडे पाहतो, डोक्यावर टिचकी मारतो, डोक्याचीच किंमत विचारतो. बिचाऱ्या दांड्याची चौकशी कोणी करीत नाही. मीही केली नव्हती. कारण माझा ड्रायव्हर मी घेतलेला नव्हताच. माझ्या एकसष्टीला अमेरिकेतल्या मुलाने तो पाठविला होता.

हा मुलगा आठ-नऊ वर्षांचा असताना रविवारी पहाटे माझ्याबरोबर येरवड्याच्या मैदानावर येई. माझा चेंडू आकाशात ठिपका होऊन जाई आणि तो "बाबा, दिसेनासा झाला!" म्हणून ओरडे. पुढे तो परदेशी गेला, पण त्याच्या मनातला चेंडू तसाच उडत राहिला असावा. "वडील फार जोरात मारतात," असे त्याने दुकानदाराला सांगितले, आणि दुकानदाराने एस अक्षराचा दांडा बसवून दिला. दुकानदाराची त्यात काय चूक?

पुढची दोन वर्षे माझा चेंडू उजवीकडच्या झाडांत जात राहिला. तोही खालून, सरपटल्यासारखा. मी पकड बदलली, पायांतले अंतर बदलले, चष्म्याचा नंबर बदलला. काही दिवस मनगटाच्या संधिवातावर ठपका ठेवला. माझी थैली वाहणारा कॅडी वयाने माझ्याएवढाच. एके दिवशी झाडीतून चेंडू शोधून आणीत तो शांतपणे म्हणाला, "साहेब, काठी तुमचं ऐकत नाय." मला राग आला. पण घरी जाताना ते वाक्य माझ्याबरोबर मोटारीत बसूनच आले.

शेवटी एका सरावाच्या जागी जाऊन वेग मोजून घेतला. चेंडूच्या मागे एक चपटी पेटी ठेवतात. ती रडारच्या तत्त्वावर काठीच्या डोक्याचा वेग सांगते. अमेरिकेतले धंदेवाईक खेळाडू ताशी सुमारे ११५ मैलांचा वेग गाठतात. माझी स्वतःविषयीची समजूत ९५ची होती. पेटीने ७८ सांगितले. मी पुन्हा मारला. ७७. तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन मारला, तेव्हा ७६! त्या तरुण शिक्षकाने सौजन्याने दुसरीकडे पाहिले.

मग त्याने मला दांड्याचे शास्त्र समजावून दिले. काठी खाली येऊ लागते तेव्हा डोके मागे रेंगाळते आणि दांडा मागच्या बाजूस वाकतो. परंतु चेंडूपाशी पोहोचेपर्यंत तो उलट पुढे वाकलेला असतो, आणि या पुढच्या वाकामुळे काठीचे तोंड किंचित वर व डावीकडे वळते. चेंडूशी गाठ पडते ती सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्यात जे व्हायचे ते होते. दांडा हातांच्या मानाने फार ताठ असला तर तो पुरेसा वाकतच नाही. मग चेंडू बुटका आणि उजवीकडे. फार लवचीक असला तर उंच आणि डावीकडे. अर्थात हा ठोकताळा. नुसत्या वेगावर सारे ठरत नाही. सारख्याच वेगाच्या दोघांपैकी जो वरून काठी हिसडून आणतो त्याला ताठ दांडा मानवतो, आणि जो झोपाळ्यासारखी आणतो त्याला मऊ. अक्षरापेक्षा वजनाचा परिणाम माझ्या हातांना अधिक जाणवला, हेही सांगून ठेवतो.

अक्षरांची तर गंमतच आहे. एल, ए, आर, एस, एक्स अशी ती चढती श्रेणी. पण या अक्षरांना सर्वमान्य माप असे नाही. एका कारखान्याचा आर दुसऱ्याच्या एसएवढा ताठ निघतो. म्हणजे ज्या अक्षराचा मी दोन वर्षे अभिमान बाळगला, त्याला निश्चित अर्थही नव्हता!

पूर्वी अक्षरे नव्हती, लाकूड होते. अमेरिकेतून हिकरीचे लाकूड स्कॉटलंडला जाई आणि तिथले कारागीर ते तासून दांडे करीत. प्रत्येक दांड्याचा स्वभाव निराळा; म्हणून दहा हातांत घेऊन एक ठेवायचा. पोलादी दांड्यांना अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली मान्यता मिळाली, तरी बॉबी जोन्सने १९३० साली चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्याच काठ्यांनी. लहानपणी आम्हीही विटीदांडूचा दांडू असाच निवडीत असू. हवेत दोनदा फिरवायचा. मनगटाला बरा वाटला तर आपला. तेव्हा ही अक्कल होती, मग मध्यंतरी ती कुठे गेली कोण जाणे.

शिक्षकाने 'ए' अक्षराचा, दहा ग्रॅमने हलका दांडा दिला. ए म्हणजे मुळात 'अमॅच्युअर' असे सांगतात. आता व्यवहारात त्याचा अर्थ 'वयस्क' असाच घेतात. मी अक्षर खालच्या बाजूस येईल असा तो धरला आणि मारला. हाताला काहीच लागले नाही, नुसता एक गोल आवाज झाला. चेंडू उंच गेला, सरळ गेला. पूर्वीइतका लांब नव्हे. पण झाडांत नव्हे.

ड्रायव्हरचे डोके लहानशा किल्लीने सुटते. तेव्हा मुलाने दिलेले डोके तसेच ठेवून दांडा बदलणे सोपे होते. अवघड होते ते त्याला सांगणे. तीन रविवार मी ते टाळले. चौथ्या रविवारी फोनवर हवापाणी झाले, नातीचा खोकला झाला, आणि मग मी एका दमात सांगून टाकले. पलीकडे क्षणभर शांतता.

"बाबा, वेग मोजला का?"

"मोजला."

"किती आला?"

"ऐंशी," मी म्हणालो. दोन मैल मी पदरचे घातले होते.