ऑरलँडोच्या सहलीतील एक रिकामा रकाना

मुलगा अमेरिकेत असला की आई-वडिलांची एक वारी तिकडे ठरलेलीच असते. २०२४ च्या जून महिन्यात आम्ही उभयता अटलांटा येथे मुलाकडे गेलो होतो. नातू आठ वर्षांचा. त्याच्या शाळेला सुट्टी लागलेली होती आणि फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो येथील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पाहण्याचा बेत मुलाने आमच्या आगमनापूर्वीच आखून ठेवला होता. अटलांटाहून ऑरलँडो सुमारे साडेचारशे मैल. मोटारीने सात तासांचा रस्ता. मुक्काम पाच रात्रींचा आणि मंडळी पाच : चार प्रौढ आणि एक बालक.

हे स्थान म्हणजे एखादी बाग नव्हे. सुमारे चाळीस चौरस मैलांच्या परिसरात चार स्वतंत्र उद्याने, अनेक निवासगृहे, तलाव, रस्ते आणि बससेवा असे ते एक लहानसे नगरच आहे. वॉल्ट डिस्ने यांनी त्याची कल्पना केली; परंतु १९६६ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे थोरले बंधू रॉय यांनी निवृत्तीचा विचार बाजूला ठेवून काम पूर्णत्वास नेले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी ‘मॅजिक किंगडम’ हे पहिले उद्यान लोकांसाठी खुले झाले. स्थळाच्या नावात धाकट्या भावाचे ‘वॉल्ट’ हे नाव असावे, हा आग्रह रॉय यांचाच. रॉय तरुणपणी कॅन्सस सिटीच्या एका बँकेत नोकरीस होते आणि पुढे भावाच्या व्यवसायाचा पैसा तेच सांभाळीत. एकाने स्वप्न पाहावे आणि दुसऱ्याने त्याची जमाखर्चाची बाजू उचलावी, ही रीत आपल्या पेढ्यांवरील भावाभावांना काही नवी नाही. मी स्वतः बँकेत आयुष्य काढलेला असल्यामुळे मला साहजिकच रॉय अधिक जवळचे वाटले.

अशा सहलीत तिकिटे आणि खोलीचे भाडे हे आकडे आधीच ठरलेले असतात. त्यांवर चर्चेला फारसा वाव नसतो. जेवणाचा खर्च मात्र आपल्या हातात आहे असे वाटते, आणि म्हणून घरातील मतभेद तेथेच होतात. आमच्याही घरी झाले.

डिस्नेच्या निवासगृहात उतरणाऱ्यांना खोलीबरोबर जेवणाची योजना आगाऊ विकत घेता येते. त्या वर्षी तिचे दोन प्रकार होते. पहिल्या प्रकारात प्रत्येक रात्रीमागे काउंटरवरून घ्यायची दोन जेवणे आणि एक अल्पोपाहार. दर प्रौढास सुमारे ५७ डॉलर, तीन ते नऊ वर्षांच्या मुलास सुमारे २४ डॉलर. दुसऱ्या प्रकारात काउंटरवरचे एक जेवण, टेबलावर बसून वाढपी वाढतील असे एक जेवण आणि एक अल्पोपाहार. दर प्रौढास सुमारे ९४ डॉलर, मुलास सुमारे ३० डॉलर. आमच्या पाच जणांचा पाच रात्रींचा हिशेब पहिल्या योजनेत १,२६० डॉलर आणि दुसरीत २,०३० डॉलर होत होता. त्या वेळच्या ८३ रुपयांच्या भावाने हे आकडे अनुक्रमे एक लाख पाच हजार आणि एक लाख अडुसष्ट हजार रुपयांच्या घरात जात होते. मुलाचा कल दुसऱ्या योजनेकडे होता.

मी तीन आक्षेप घेतले. पहिला असा की, त्या किमतीत प्रौढांसाठी प्रत्येक जेवणाबरोबर एक पेय धरलेले असते व त्यात मद्याचाही समावेश असतो. आपण जे घेणारच नाही त्याचे मूल्य आपण का द्यावे? दुसरा असा की, आमच्यापैकी दोघे कंदमूळ घेत नाहीत आणि सौ. तर वर्षानुवर्षे चौविहार पाळते. तिने विकत घेतलेल्या जेवणांपैकी निम्मी तरी वायाच गेली असती. तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटत होता. न वापरलेली जेवणे मुक्काम संपण्याच्या मध्यरात्री रद्द होतात. म्हणजे शेवटच्या दिवशी माणूस भुकेसाठी खात नाही. भरलेले पैसे वसूल करण्यासाठी खातो. गेलेला पैसा वसूल व्हावा म्हणून पोटाला त्रास देणे हा व्यवहारही नव्हे आणि धर्मही नव्हे. ऊनोदरीला तप मानणाऱ्या आणि अनर्थदंडापासून दूर राहण्याचे व्रत सांगणाऱ्या परंपरेत वाढलेल्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मुलाने सर्व ऐकून घेतले. मग तो म्हणाला, “बाबा, आयुष्यभर तुम्ही हिशेब केलात. आता पाच दिवस मला खर्च करू द्या.” त्याच्या स्वरातील दुखावलेपण मला त्या वेळी जाणवले नाही. मी त्याला माझे अंदाजपत्रक दाखविले : वाणसामान वेगळे, आणि उद्यानातील खाण्यासाठी पाच जणांस मिळून दररोज शंभर डॉलर. त्याने मान्य केले. सौ. काहीच बोलली नाही. तिचे मौन मी संमती समजलो.

माझी योजना कागदावर चांगली होती, हे आजही म्हणेन. आपल्याकडील बहुतेक मनोरंजन उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत. डिस्नेच्या उद्यानांत मात्र घरचे खाणे नेण्यास मुभा आहे; काचेची भांडी, मद्य आणि गरम करावे लागणारे पदार्थ चालत नाहीत, इतकेच. काउंटरवर मागितल्यास बर्फाचे पाणी पेल्यातून विनामूल्य मिळते. आम्ही अटलांटाहून खाकरे, मेथीचे ठेपले, दशम्या, कोरडी चटणी, चिवडा आणि रव्याचे लाडू बरोबर घेतले होते. खोलीत लहानसा फ्रिज होता. त्यात दही, दूध आणि फळे ठेवली. जूनमध्ये तेथे सूर्यास्त सव्वाआठच्या सुमारास होतो. त्यामुळे चौविहार करणाऱ्यांना दिवस मोठा मिळतो. नवकारशी करून सव्वासातनंतर न्याहारी आणि मग उद्यान, असा आमचा क्रम होता.

मी एक वही केली होती. प्रत्येकाच्या नावाचा एक रकाना आणि दिवसाच्या शेवटी बेरीज. पहिल्या दिवशी ‘मॅजिक किंगडम’मध्ये नातवाने मिकीची भेट रांगेत उभे राहून घेतली. त्यासाठी तिकिटापलीकडे एक पैसाही लागला नाही. याच मिकीला भेटत न्याहारी करण्याचे वेगळे भोजनगृह आहे आणि तेथील दर प्रौढास पन्नास डॉलरांच्या पुढे आहे, हे मी मुलाला मोठ्या समाधानाने ऐकविले. त्या दिवसाचा खर्च ८८ डॉलर. दुसऱ्या दिवशी ‘हॉलिवूड स्टुडिओज’. खर्च ७९ डॉलर. रात्री वही मिटताना मला बँकेतील ३१ मार्चचा ताळेबंद पहिल्या फेरीतच जुळल्याचा आनंद झाला.

तिसरा दिवस ‘एप्कॉट’चा. हे उद्यान १९८२ साली सुरू झाले. त्याच्या अर्ध्या भागात एका मोठ्या तलावाभोवती अकरा देशांची दालने आहेत. मेक्सिकोपासून सुरुवात करून नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका अशी ती पाहत आपण जपानपर्यंत पोहोचतो. पुढे मोरोक्को, फ्रान्स, युनायटेड किंगडम आणि कॅनडा. ही प्रदक्षिणा सव्वा मैलाची आहे. दुपारचे दोन वाजले होते आणि दमट उकाड्याने जीव नकोसा झाला होता. जपानच्या दालनाजवळ सौ. एकाएकी थांबली, कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, जरा बसूया का?” तिचा चेहरा पांढरा पडला होता. सूनबाईने पिशवीतून साखर व मीठ काढून पाण्यात कालवून दिले. पंधरा-वीस मिनिटांत तिला बरे वाटू लागले. “उन्हामुळे झाले,” असे ती म्हणाली आणि आम्ही ते मान्य केले.

त्या रात्री नेहमीप्रमाणे वही उघडली. तिसऱ्या दिवसाची बेरीज ११२ डॉलर; ठरलेल्या रकमेपेक्षा बारा डॉलर अधिक. जास्तीचा खर्च कोणाच्या नावे पडला हे पाहण्यासाठी मी रकाने उभे वाचू लागलो. सौ.च्या रकान्यात तीन दिवसांत एकच नोंद होती : फळांची एक वाटी. बाकी सर्व जागा कोरी.

मी सूनबाईला विचारले. तिने थोडे थांबून सांगितले की, आईंनी आपल्या वाटणीचे ठेपले दोन्ही दिवस नातवाला आणि मुलाला दिले होते. काउंटरवर त्यांना चालेल असे काही विचारावे तर, “नको, उगीच एकटीसाठी वेगळे कशाला, ह्यांचे शंभर डॉलर ठरलेले आहेत,” असे म्हणून त्या पाणी पिऊन घेत. संध्याकाळी खोलीवर परत येईपर्यंत सूर्यास्त होऊन गेलेला असे. म्हणजे सकाळच्या दूध-खाकऱ्यावर ती दररोज पाच-सात मैल चालत होती.

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षालाच शिकविले जाते की, तेरीज पत्रक जुळले म्हणजे हिशेब बरोबर आहे असे नव्हे. जी नोंद मुळातच राहून गेली ती तेरीज दाखवू शकत नाही. दोन्ही बाजू सारख्याच चुकलेल्या असतात. हा धडा मी बँकेत नव्या कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. घरच्या वहीत मात्र तो मला तीन दिवस दिसला नाही. माझी शिल्लक वाढत होती ती माझ्या चातुर्यामुळे नव्हे. एक माणूस न जेवल्यामुळे.

तपासाठी स्वेच्छेने सोडलेले अन्न आणि दुसऱ्याच्या अंदाजपत्रकाला धक्का लागू नये म्हणून सोडलेले अन्न यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्याने निर्जरा होते, असे आपण मानतो. दुसऱ्याचा दोष अंदाजपत्रक करणाऱ्याकडे जातो. मी तिच्यापाशी जाऊन ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले. संवत्सरीला अडीच महिने अवकाश होता. ती म्हणाली, “एवढे काही झाले नाही. पण उद्या कुठेतरी गरम भात मिळेल का, ते पाहा.”

मुलाने लगेच फोन हाती घेतला. टेबलावरच्या भोजनगृहांची नोंदणी साठ दिवस आधीपासून सुरू होते; परंतु कोणी नोंदणी रद्द केली की मधल्या वेळा मोकळ्या होतात. ‘ॲनिमल किंगडम लॉज’ या निवासगृहातील ‘साना’ येथे चौथ्या दिवशी सायंकाळी पाच वाजताची जागा मिळाली. तेथील स्वयंपाकावर आफ्रिका आणि भारत या दोहोंचा संस्कार आहे आणि खिडक्यांबाहेरच्या कुरणात जिराफ व झेब्रे चरताना दिसतात. नातवाला विचारले, तेव्हा त्याने एवढेच विचारले, “जिराफ खिडकीपर्यंत येतात का?” मिकीबरोबरच्या न्याहारीचा प्रश्न तेथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी ‘ॲनिमल किंगडम’ पाहून आम्ही वेळेवर पोहोचलो. मुलाने वाढप्याला आमचे पथ्य सांगितले, तेव्हा मुख्य आचारी स्वतः टेबलापाशी आला. मांस, मासे, अंडे, कांदा, लसूण, बटाटा, गाजर नको, हे त्याने लिहून घेतले. त्याने स्पष्ट सांगितले की, तयार रश्श्यांत कांदा-लसूण आधीच असतो, त्यामुळे ते देता येणार नाहीत. मात्र साधा भात, ताजी रोटी, दही, काकडी-टोमॅटो आणि वेगळ्या भांड्यात परतलेल्या शेंगा देता येतील. आपल्या घरच्या ताटापुढे हे काहीच नव्हे. परंतु सौ.ने वाफाळलेला भात दही घालून कालविला आणि खिडकीबाहेरच्या जिराफाकडे पाहत सावकाश, पोटभर जेवली. सूर्यास्ताला अजून दोन तास होते. तेथील मांसाहारी स्वयंपाकघराविषयी तिच्या मनात जो संकोच होता, त्याचे आलोयण ती आपल्या पद्धतीने करील. तो प्रश्न तिचा आहे आणि मी त्यात पडलो नाही.

साडेसहा टक्के विक्रीकर आणि अठरा टक्के बक्षिसी धरून त्या जेवणाचे बिल दोनशे डॉलरांच्या आसपास झाले. बक्षिसी तेथे ऐच्छिक म्हणतात. पण वाढप्याचे उत्पन्न बव्हंशी तिच्यावरच चालते. म्हणून अंदाज करताना छापील दरावर सरळ पंचवीस टक्के धरावेत. बिल मुलाने दिले. मी हात पुढे केला नाही. त्याचा चेहरा पाहून मला कळले की, पहिल्या दिवसापासून त्याला एवढेच हवे होते.

सहलीच्या अखेरीस वही पूर्ण केली. वाणसामान ९६, चार दिवसांचे उद्यानातील खाणे अनुक्रमे ८८, ७९, ११२ आणि २६५. एकूण ६४० डॉलर. पहिल्या योजनेच्या जवळपास निम्मे आणि दुसरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आगाऊ योजना न घेण्याचा निर्णय बरोबर होता. चूक होती ती दैनिक मर्यादा सर्वांसाठी एकच धरण्यात.

अशा सहलीस निघणाऱ्या आपल्या कुटुंबांना माझे सांगणे एवढेच आहे. घरचे खाणे अवश्य न्या, पण माणशी डबे वेगळे बांधा, म्हणजे कोणाचा डबा कोणी खाल्ला ते समजेल. सूर्यास्ताची वेळ पाहून टेबलावरचे एखादे जेवण आधीच नोंदवा आणि पथ्य नोंदणीच्या वेळीच कळवा. आणि भोगोपभोगाचे परिमाण ठरविताना, ज्याचे पथ्य सर्वांत कडक त्याच्या गरजेपासून सुरुवात करा. सर्वांत कमी मागणारा माणूस बहुधा तोच असतो. आमच्या घरी आता प्रवासाच्या वहीत पहिला रकाना सौ.चा असतो, आणि तो भरल्याशिवाय मी बेरीज करीत नाही.