९० युरोंत वर्धा

प्रत्येक ऑफिसात एक तरी जण असतोच, जो नुकताच युरोपातून आलेला असतो. प्राग, बुडापेस्ट, लिस्बन... आणि तेही 'बजेटमध्ये' हं! हॉस्टेलच्या डॉर्ममधला बंक बेड, सुपरमार्केटचा ब्रेड-चीज, दिवसभर पायपीट. लंच टेबलवर हे ऐकताना बाकीचे मनातल्या मनात ईएमआय मोजत असतात. मीही मोजला. शेंगेन व्हिसाची नुसती फी ९० युरो, म्हणजे नऊ हजारांच्या घरात. विमान, इन्शुरन्स, हॉस्टेल सगळं त्याच्या पुढचं. म्हटलं, ओके. या फीच्या पैशांतच एक अनोळखी शहर बघू, पण नियम तेच. स्वस्त खोली, जमेल तिथे पायी, स्थानिक खाणं आणि शहरात ओळखीचं कुणीही नको.

शहर ठरलं वर्धा. "वर्ध्यात काय आहे?" असं मला चार जणांनी विचारलं. चौघांपैकी एकही तिथे गेलेला नव्हता.

पुण्यात संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी वर्धा. स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आतबाहेर. स्टेशनबाहेर आल्यावर पहिला धडा भाषेचा. मी 'रिक्षा' म्हणत होते आणि सगळे 'ऑटो, ऑटो' करत होते. ऑटोवाल्या काकांनी आरशातून बघत विचारलं, "ताई, कुठून आल्या जी?"

"पुण्याहून."

"अरे बाप्पा! एकट्याच? मंग आधी पोहे खाऊन घ्या."

विदर्भात पोह्यांवर चण्याची लालभडक, गरमागरम तर्री ओततात. पुणेकरांना नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं. मी दुसरी प्लेट घेतली.

पोह्यांनंतर पायपीट. वर्धा पहिल्या नजरेत अगदी साधं दिसतं. बजाज चौक, दुकानं, बँका, क्लासेसचे बोर्ड... कुठल्याही जिल्ह्याच्या गावासारखंच. युरोपात एखाद्या जुन्या दरवाजासमोर गाइड वीस मिनिटं थांबवतो म्हणे. इथल्या लक्ष्मीनारायण मंदिरासमोर मला कुणीच थांबवलं नाही, मीच थांबले. बजाज घराण्याचं हे मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये दलितांना खुलं केलं. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला १९३० मध्ये, म्हणजे त्याच्याही आधी! मगन संग्रहालय मात्र निवांत बघा. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं हे ग्रामोद्योगांचं म्युझियम. मॉलमध्ये 'हँडलूम' लिहिलेल्या टॅगवर आपण जे पैसे मोजतो, त्यामागचं सगळं काम इथे बघायला मिळतं.

सेवाग्राम तिथून आठेक किलोमीटर. शेअर ऑटो मिळते. आश्रमासमोरच यात्री निवास आहे. साधी खोली, साधी गादी. नाइटलाइफवाल्यांसाठी सूचना: वर्धा जिल्ह्यात वर्षानुवर्षं दारूबंदी आहे. संध्याकाळचा एकमेव इव्हेंट म्हणजे झाडाखालची प्रार्थना. मी टाइमपास म्हणून गेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेलाही गेले.

आता बापूकुटी. चपला बाहेर काढून आत जायचं. मातीच्या भिंती, बांबू, वर कौलं, खाली चटई. ही कुटी मुळात मीराबेनची. ही इंग्रज बाई युरोप सोडून इथे आली होती, म्हणजे आपल्या बरोब्बर उलटा प्रवास! आत एका बाजूला टेलिफोनची पेटी आहे, व्हाइसरॉयने बसवून दिलेल्या फोनची. साप धरून लांब नेऊन सोडायचा लाकडी चिमटासुद्धा आहे. १९३६ मध्ये गांधीजी या गावात आले, तेव्हा त्याचं नाव शेगाव होतं. १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. आणि जुलै १९४२ मध्ये इथे वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीने 'भारत छोडो'चा ठराव केला.

तिथे बसल्यावर मला आठवलं ते लंडन. बजेट ट्रॅव्हलचा खरा बाप तोच तर होता! १८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला गेलेला १८ वर्षांचा मुलगा. तिथल्या पहिल्याच हॉटेलचं बिल बघून हबकलेला. मग पाई-पाईचा हिशेब लिहिणं, बसचं भाडं वाचवायला रोज आठ-दहा मैल चालणं, एका खोलीत स्टोव्हवर ओटची लापशी आणि कोको. दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्स. हे सगळं त्यांच्या आत्मकथेत आहे. तेव्हाची काटकसर भावाच्या पैशांची काळजी म्हणून होती. सेवाग्रामची मात्र स्वतः निवडलेली. गांधींना गरीब ठेवायला फार पैसे लागतात, असा एक टोमणा सरोजिनी नायडूंच्या नावावर सांगतात. मला तो नुसता विनोद वाटायचा. व्हाइसरॉयच्या फोनकडे बघताना जरा वेगळा वाटला.

दुसऱ्या दिवशी पवनार. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम. १९५९ मध्ये त्यांनी तो स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर केला. शेतीसकट सगळी कामं त्या स्वतः करतात, निर्णय सर्वानुमते घेतात. (आपल्या सोमवारच्या मीटिंगमध्ये हे करून बघा!) नदीकाठी दोन तास बसले. खर्च शून्य.

परतताना वर्ध्यात गोरसपाक घेतला. गाईच्या तुपातली ही बिस्किटं घेतल्याशिवाय निघायचंच नाही. गाडीला वेळ होता, म्हणून स्टेशनजवळ चहा घेत बसले. शेजारी बीकॉम झालेला एक मुलगा होता. मी मोठ्या कौतुकाने त्याला माझं बजेट सांगितलं. तो हसला.

"म्हंजे कमी पैशात राह्याले तिकीट काढून आल्या तुमी?"

मी गप्प. त्याच्या घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी. "कापूस इकला का पैसा कर्जातच जाते," तो म्हणाला, अगदी सहज, हवामान सांगावं तसं. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांवरून केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात वर्धा होतं. हे मी पेपरात वाचलं होतं. कपाशीवाल्या घरातल्या मुलाबरोबर चहा पहिल्यांदाच पीत होते.

पुढच्या महिन्यात त्याचा पुण्यात इंटरव्ह्यू होता, हिंजवडीला. पुणे त्याने पाहिलेलं नव्हतं. त्याचे प्रश्न सुरू झाले. स्टेशनवरून तिकडे बस जाते का? कॉट बेसिस म्हणजे नक्की काय? मेसचा डबा दोघांत पुरतो का? डिपॉझिट परत मिळतं का? मी पेन काढलं आणि गोरसपाकच्या पुड्याच्या कागदावर त्याला लिहून द्यायला लागले. बसचा पास, स्वस्त मेस कुठे शोधायची, कुठल्या एरियात भाडं परवडतं, एजंटला आधी पैसे का द्यायचे नाहीत...

गाडीची अनाउन्समेंट झाली तेव्हा कागदाची एक बाजू भरली होती. त्याने तो उलटा करून माझ्यापुढे धरला. "हिंजवडीवरून स्टेशनले परत याचं शेवटची बस किती वाजता हाय, ते राह्यलं."