धाकट्या नेमबाजाला: नांदेड आणि लातूरहून दोन पत्रे

नांदेड

प्रिय धाकट्या,

ह्यूस्टनहून आलेला तुझा प्रश्न सरळ आहे. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये तुझा पहिला वर्ग ठरवणाऱ्या क्लासिफायर स्टेज जवळ आल्यात, त्यांचे आराखडे कुणालाही बघायला मिळतात. मग त्याच जशाच्या तशा मांडून घोटाव्यात का? माझं उत्तर नको असं आहे, आणि त्याची कारणं सांगायला नांदेड चांगली जागा आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथेच ज्योतीत विलीन झाले. तख्त सचखंड हुजूर साहिबमध्ये त्यांची शस्त्रं जपली आहेत आणि संगतीला त्यांचं दर्शन घडवलं जातं. शस्त्राला एवढा मान देणाऱ्या या परंपरेतला गतका मात्र लाकडी काठीने शिकतात: एका हातात काठी, दुसऱ्या हातात छोटी ढाल, म्हणजे फरी, आणि खाली पायांचा पैंतरा. पैंतरा बसला नसेल तर वार जितका जोरात तितका मारणाऱ्याचाच तोल जातो.

तुझ्या खेळाचं गणितही हेच सांगतं. जेफ कूपरने आखलेली 'एल प्रेसिदेन्ते' ही स्टेज घे. दहा यार्डांवर तीन टार्गेटं, तू त्यांच्याकडे पाठ करून हात वर केलेले. टायमर वाजला की वळायचं, होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, प्रत्येकावर दोन गोळ्या, मॅगझिन बदलायचं, पुन्हा प्रत्येकावर दोन. एकूण १२ गोळ्या. हिट फॅक्टर म्हणजे मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद. तू मायनर पॉवरचं पिस्तूल वापरतोस, म्हणजे 'ए' भागात ५ गुण, 'सी'मध्ये ३, आणि गोळी टार्गेटाबाहेर गेली तर उणे १०. बाराही 'ए' १० सेकंदांत मारल्यास, तर ६०ला १०ने भागून ६. तीच स्टेज ९ सेकंदांत, पण दोन 'सी' पडले, तर ५६ भागिले ९, म्हणजे ६.२. इथवर घाई फायद्याची ठरली. आता ८ सेकंदांत केलीस, दोन 'सी' आणि एक गोळी बाहेर, तर ४१ भागिले ८, जेमतेम ५.१. त्या एका हुकलेल्या गोळीनंतर परत ६वर यायचं तर सगळी स्टेज ६.८ सेकंदांत उरकावी लागेल, आणि नवख्याच्या हातून ते होत नाही. वेग वाईट असं मी म्हणत नाही. गोळीवर नजर राहील तिथवरच तो तुझ्या कामाचा आहे.

आणि हा वेग नेमका कुठे मिळतो, तेही बघ. हाताची पकड पिस्तुलावर पहिल्याच झटक्यात नीट बसणं, साइट डोळ्यासमोर स्थिर येणं, एका टार्गेटावरून दुसऱ्यावर जाताना हाताच्या आधी नजर पोचणं, मॅगझिन न चाचपडता आत जाणं: सेकंद इथे वाचतात, ट्रिगर भराभर दाबून वाचत नाहीत. यातलं बहुतेक सगळं रिकाम्या पिस्तुलावर घरी करता येतं. काडतुसं मात्र त्या खोलीतही नकोत, दुसऱ्या खोलीत कुलपात. आणि भिंतीपलीकडे कोण आहे याचा विचार रिकाम्या पिस्तुलाच्या वेळीही करायचाच.


लातूर

प्रिय धाकट्या,

लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला आलो, आणि माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जबर आक्षेप याच गावात आहे. लातूर पॅटर्न! राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांमधून नावारूपाला आलेली ही पद्धत म्हणजे सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, आणि घड्याळ लावून सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांच्या चळती. गावोगावची मुलं इथे खोल्या घेऊन राहतात आणि डॉक्टर, इंजिनिअर होऊन जातात. मग घोटणं वाईट कसं? माझं म्हणणं असं की लातूर पेपर घोटत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा पेपर दरवर्षी नवा असतो. जुने पेपर सोडवून मुलं प्रश्नाची जात ओळखायला शिकतात, कुठे चुकलं ते शोधतात, वेळ वाटायला शिकतात. तुझ्या क्लासिफायरचा पेपर मात्र आधीच हातात आलेला आहे. तो पाठ केलास तर गुण वाढतील, पण हुशारीबद्दल त्यातून काही कळणार नाही.

यावर तू म्हणशील, २५ मीटर पिस्तुलाचं काय? कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत त्यात सुवर्ण मिळवलं. तिथे रॅपिड फेरीत टार्गेट ३ सेकंद समोर येतं, ७ सेकंद जातं; हात खाली ४५ अंशांवर ठेवून वाट बघायची आणि दर वेळी एकच गोळी. जगभर तेच अंतर, तेच सेकंद, आणि नेमबाज वर्षानुवर्षं तेच करतात. आक्षेप खरा आहे, मला तो मोलाचाही वाटतो. पण तिथे ती फेरी हीच स्पर्धा आहे. इथल्या एखाद्या मुलीने एअर पिस्तूल उचललं, राज्य स्पर्धेतून मावळंकर स्पर्धेपर्यंत गेली (नॅशनल रायफल असोसिएशन १९५१मध्ये उभी करणाऱ्या, लोकसभेच्या पहिल्या सभापतींच्या, ग. वा. मावळंकरांच्या नावाची ही स्पर्धा), तरी १० मीटर सगळीकडे १० मीटरच. तुझ्या खेळात दर सामन्याला नवी मांडणी असते, नव्या भिंती, नवे कोन. क्लासिफायर हा त्यातला फक्त एक नमुना. राहीचा सराव तिच्या स्पर्धेचा असतो. तुझी घोकंपट्टी नमुन्याची होईल.

राहिला वर्गाचा लोभ. ४० टक्क्यांखाली 'डी', ६०पर्यंत 'सी', ७५पर्यंत 'बी', ८५पर्यंत 'ए', वर मास्टर, आणि ९५पासून ग्रँडमास्टर. हे टक्के त्या स्टेजच्या उच्चांकी हिट फॅक्टरशी ताडून काढतात. बाकीचे घोटतात म्हणून आपण मागे पडू ही भीती समजते. पण 'डी' वर्गात तुझी बरोबरी तुझ्यासारख्यांशी होते; पाठांतरावर 'बी'त गेलास तर पुढच्या प्रत्येक सामन्यात कसलेल्या माणसांशी गाठ आहे, आणि तिथली मांडणी तुला आधी कुणी दाखवणार नाही. शिवाय आपल्या आवाक्यापलीकडच्या वेगाने धावणारा नवखा पळताना बोट ट्रिगरवर ठेवतो, मॅगझिन बदलताना नळी बाजूला वळवतो. नळी १८० अंशांच्या रेषेपलीकडे गेली की रेंज ऑफिसर तिथल्या तिथे थांबवतो, सामना संपतो. तो नियम मला या खेळातला सगळ्यात चांगला नियम वाटतो.

तेव्हा क्लासिफायरला कोरा जा. आराखडा त्या दिवशी वाच, बाकीच्यांसारखंच मोकळ्या हाताने एकदोनदा चालून बघ, आणि प्रत्येक गोळीवर नजर राहील एवढ्याच वेगाने मार. निकाल पाठवताना नुसते टक्के पाठवू नकोस. 'ए' किती, 'सी' किती, पहिली गोळी सुटायला किती वेळ, मॅगझिन बदलायला किती, हे वेगवेगळं लिही. पुढचे काही आठवडे घरी काय करायचं ते आपण त्यावरून ठरवू.

तुझा,
दादा