आडनावानंतरचा प्रश्न

एम.ए. समाजशास्त्राच्या प्रवेशाच्या मुलाखतीला गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. लेखी परीक्षेच्या यादीत माझे नाव बरेच वर होते. समोर तिघे बसलेले. पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावाचा. मग अर्ज चाळत एका सरांनी विचारले, "धर्म बौद्ध लिहिलाय, मग अनुसूचित जातीत कशा?"

मला उत्तर आले नाही. पुढे विषयावर काय विचारले तेही धड आठवत नाही. अंतिम यादीत माझे नाव नव्हते. वर्षभराने दुसरीकडे प्रवेश मिळाला.

उत्तर खरे तर एका वाक्याचे होते. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० मध्ये दुरुस्ती झाली आणि बौद्धांना त्या सवलती मिळाल्या. ही दुरुस्ती आमच्या आईवडिलांच्या पिढीने भांडून मिळवली. जयंतीला मी दरवर्षी भाषण करायचे, पण हे मला माहीत नव्हते. त्याची लाज अजून वाटते.

म्हणून आता विहारात मुलामुलींची तयारी घेताना सुरुवात इथूनच करते. मग बाकीचे. स्वतःचा अर्ज पुन्हा वाचा. त्यात लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकावर प्रश्न येणार असे धरून चला. आपल्या वस्तीतला एखादा प्रश्न विषयाच्या भाषेत मांडायला शिका. येत नसेल तर "माहीत नाही" म्हणा, फेकू नका. इंग्रजीत अडलात तर मराठीत किंवा हिंदीत बोलू का, असे सरळ विचारा. बाहेर आल्याबरोबर विचारलेले सगळे प्रश्न वेळेसह वहीत लिहा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर तीच वही कामी येईल. सरकारी संस्थेत आपले लेखी आणि मुलाखतीचे गुण माहितीच्या अधिकारात मागता येतात.

पण मित्रांनो, सगळा दोष आपल्या तयारीवर घेऊ नका. १९८० मध्ये अजय हासिया खटल्यात श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रवेश सर्वोच्च न्यायालयापुढे आले. १५० पैकी ५० गुण मुलाखतीला होते आणि मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्याची तक्रार होती. प्रवेशात मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणे मनमानी ठरेल, असे न्यायालय म्हणाले. मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, असेही सुचवले. आज नेटच्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेश घेणाऱ्यांसाठी मुलाखतीचा वाटा ३० टक्के आहे. आणि ध्वनिमुद्रण? आपल्यापैकी किती जणांच्या मुलाखतीचे झाले, ते एकमेकांना विचारून बघा.

लेखी पेपरावर आडनाव दिसत नाही, मुलाखतीत ते आपल्या आधी खोलीत शिरते. त्यामुळे तयारी दोन्हीकडची हवी. मुलांनी उत्तरे शिकावीत, आणि संघटनांनी ध्वनिमुद्रण व गुणांच्या मर्यादेची मागणी लावून धरावी. नुसती मुले तयार करत राहिलो, तर तो सरांचा प्रश्न पुढच्या वर्षीही तिथेच बसलेला असेल.

जयभीम.