सहीच्या आधीची नजर

ऐंशीच्या दशकात नाशिकमध्ये रक्त तपासायचं म्हणजे शालिमार, महात्मा गांधी रोड किंवा पंडित कॉलनीतल्या एखाद्या लॅबचा जिना चढायचा. आत शिरताच स्पिरिटचा वास यायचा. काचेच्या सिरिंज स्टरिलायझरमध्ये खळखळत असायच्या आणि सुई टोचायला बऱ्याचदा डॉक्टर स्वतः यायचे. शीर सापडेपर्यंत चौकशी चालायची: ताप कधीपासून, गाव कुठलं, बागेत फवारणी केली होती का? निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला हे विचारणं म्हणजे नुसत्या गप्पा नव्हत्या. पुढे काय तपासायचं ते त्यावरच ठरायचं.

मी पॅथॉलॉजी शिकून या शहरात बसलो ते त्याच काळात. तेव्हा सगळं काम हातानं आणि डोळ्यांनी चालायचं. हिमोग्लोबिनसाठी साहलीची नळी वापरायचो. तळाशी हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात २० घनमिलिमीटर रक्त, आणि ते तपकिरी झालं की थेंबथेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. तेही खिडकीकडे तोंड करून, दिवसाच्या उजेडात. लघवीतली साखर बघायला बेनेडिक्टच्या ५ मिलिलिटर निळ्या द्रावणात लघवीचे ८ थेंब घालून उकळायचं. हिरवा रंग आला तर साखर थोडी, विटकरी आला तर भरपूर.

पण त्या दिवसांतलं मला सर्वांत जास्त आठवतं ते सिकलसेल तपासणं. सुरगाणा-पेठकडची पोरं हातापायांच्या दुखण्यानं कळवळत यायची. रक्ताचा थेंब सोडियम मेटाबायसल्फाइटमध्ये मिसळायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची, कडा व्हॅसलीननं बंद करायच्या. आत हवा शिरत नाही, ऑक्सिजन संपतो, आणि मायक्रोस्कोपखाली गोल पेशी हळूहळू लांबट होत वाकतात, दोन्ही टोकांना निमुळत्या होतात. मुलाच्या वडिलांना मी मुद्दाम भिंगातून बघायला लावायचो. पोरगं ढोंग करत नाही, हे त्यांना तिथं दिसायचं.

त्या तपासणीला मोठी मर्यादा होती. मूल नुसतं वाहक आहे की खरोखर आजारी, हे तिच्यावरून सांगता यायचं नाही. आज एचपीएलसी मशीन हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून टक्केवारीच देतं. जुलै २०२३मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिला अशाच खात्रीच्या निदानाचा आधार लागतो. त्यामुळे जुनं सगळं चांगलं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. तोंडानं पिपेट ओढण्याचे दिवस गेले, ते बरंच झालं.

आता इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये सकाळी लॅबचा मुलगा येतो, जांभळ्या, लाल, करड्या झाकणाच्या नळ्या भरून, बारकोड चिकटवून घेऊन जातो, आणि दुपारी रिपोर्ट मोबाइलवर येतो. डॉक्टर आतल्या खोलीत स्क्रीनसमोर असतात. मशीन बरोबर मोजतंय ना हे दाखवणारे कंट्रोलचे आलेख बघणं, मशीननं खूण केलेले नमुने बाजूला काढणं, रिपोर्ट सोडणं, हे आजचं त्यांचं काम. पेशंटला ते भेटतच नाहीत.

तरीही नजर लागतेच. डेंग्यूच्या दिवसांत मशीन एखाद्याच्या प्लेटलेट ३८ हजार दाखवतं. घरचे घाबरतात, रक्तपेढीला फोन जातात. स्लाइड बघावी, तर शेवटच्या पातळ कडेला प्लेटलेटचे पुंजकेच पुंजके! रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेल्या ईडीटीएमुळे त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि मशीन पुंजका मोजत नाही. सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं की आकडा दीड-दोन लाखांवर जातो. काच उचलून भिंगाखाली धरली नसती तर?

म्हणून १२ डिसेंबर २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मला मोलाचा वाटतो. पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनंच रिपोर्टवर सही करावी, असं त्यानं स्पष्ट केलं. एकाच डॉक्टरची सही दहा ठिकाणी भाड्यानं फिरायची, त्याची मला कायम चीड होती. पण कायदा सहीपर्यंतच पोचतो. सहीच्या आधी त्या डॉक्टरनं काय बघितलं, हे त्याचं त्यालाच माहीत असतं. डिजिटल सही तर घरी बसूनही होते.

पूर्वी फॅमिली डॉक्टर फोन करायचे, ‘अहो, स्लाइड कशी दिसतेय?’ पाच मिनिटांत दोघं मिळून निदानाजवळ पोचायचो. आता चिठ्ठीवर फक्त तपासण्यांची नावं येतात. ताप किती दिवसांचा, कुठली औषधं चालू आहेत, एक ओळसुद्धा नसते. ती ओळ डॉक्टरांनी लिहावी, असा माझा आग्रह आहे.

आणि आणखी एक. राज्यभरातल्या एमडीच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशिकमध्ये, म्हसरूळला आहे. पॅथॉलॉजीच्या मुलांना प्रात्यक्षिकात स्लाइड ओळखायला लावतात तसं एकदा पेशंटसमोर बसवून रिपोर्ट समजावून सांगायलाही लावावं. त्याला गुण ठेवावेत, म्हणजे मुलं ते मनावर घेतील.