राजघराणे आणि देवळाची वही

भोपाळ शहराच्या जहांगिराबाद भागात असिसीच्या संत फ्रान्सिसचे देऊळ आहे. १९६३ साली भोपाळ हा आर्चबिशपांचा प्रांत झाला आणि हे देऊळ त्याचे कॅथेड्रल ठरले. एकोणिसाव्या शतकात ते ज्या कुटुंबाने बांधविले, त्याचे आडनाव ऐकून आपल्यापैकी कोणीही थबकेल. ते आडनाव बुर्बों. म्हणजे फ्रान्सच्या सिंहासनावर दोनशे वर्षे बसलेल्या राजघराण्याचे!

कुटुंबाची परंपरा अशी की, जाँ फिलिप द बुर्बों नावाचा एक राजपुत्र १५६० च्या सुमारास अकबराच्या दरबारी आला, तेथेच त्याने विवाह केला, आणि त्याचा वंश पुढे नरवरजवळील शेरगडावर नांदला. १७७८ साली तेथे मोठी कत्तल झाली. जे वाचले, ते ग्वाल्हेरमार्गे भोपाळास आले. ह्यापुढचा इतिहास मात्र परंपरेवर विसंबलेला नाही. बाल्थाझार बुर्बों ऊर्फ शाहजाद मसीह हे भोपाळ दरबारातील वजनदार पुरुष होते. सर जॉन माल्कम ह्यांनी १८२३ च्या आपल्या ग्रंथात त्यांचा उल्लेख केला आहे. त्यांच्या पत्नीस लोक 'सरकार दुल्हन' म्हणत. बेगमांच्या मुसलमानी राज्यात हे ख्रिस्ती कुटुंब उघडपणे आपला धर्म पाळून मानाने राहिले, ही गोष्ट मला राजरक्तापेक्षा मोठी वाटते.

मग पहिला राजपुत्र खरा कोण? रोम शहर लुटावयास निघालेल्या सैन्याचा जो सेनापती १५२७ साली तटाखालीच मारला गेला, त्या बुर्बोंच्या ड्यूकचा तो पुत्र, असे काही म्हणतात. (पोपमहाशयांच्या नगरीवर चालून जाणारा पूर्वज मिरवावा की लपवावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.) ग्रीसचे राजपुत्र मायकल ह्यांनी ह्याच कथेवर २००७ साली कादंबरी लिहिली. इतिहासकार मात्र साशंक आहेत. १५८० साली फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे सोबती अकबराकडे गेले, तेव्हापासूनची जेझुइटांची पत्रे उपलब्ध आहेत. पण ह्या राजपुत्राविषयी निर्णायक पुरावा कोणास मिळालेला नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, वसईकडील आपली मंडळीही अलीकडे मजकडे वंशावळी शोधावयास येतात. "फादर, आमचे आडनाव परेरा, तेव्हा आमचा मूळ पुरुष पोर्तुगीज असणार, नाही का?" हा प्रश्न ठरलेला. त्यास माझे उत्तरही ठरलेले. १५३४ ते १७३९ ह्या पोर्तुगीज अमदानीत ज्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांस पुष्कळदा धर्मपित्याचे अथवा संस्कार करणाऱ्या पाद्रीचे आडनाव मिळे. आडनाव हा रक्ताचा दाखला नव्हे. कित्येक घरांत नाईक, म्हात्रे, चौधरी ही जुनी नावे अजून आठवणीत आहेत, आणि ती अधिक बोलकी आहेत.

देवळातील वह्या मुळी वंशावळीसाठी जन्मासच आल्या नाहीत. चोरून लावलेल्या लग्नांना आळा बसावा, म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंद सक्तीची केली. धर्मपिता व धर्ममाता ह्यांची नावे लिहावयाची, कारण त्या आध्यात्मिक नात्यामुळे विवाहास बाधा येई. १९०८ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात पुढील विवाहाची टीप येऊ लागली. शोध घेणाऱ्यास हा समास फार उपयोगी, कारण दुसऱ्या गावी गेलेली मुलगी तेथे सापडते. तेव्हा आपल्यापासून आरंभ करून एकेक पिढी मागे जावे. मूळ पुरुषापासून खाली उतरू नये. आणि नावांच्या रूपांनी गोंधळू नये: घरचा जुआंव वहीत कोठे लॅटिन योहान्नेस, तर कोठे इंग्रजी जॉन असतो.

गेल्या पावसाळ्यात ऐंशी उलटलेल्या एक आजी आल्या. त्यांस पोर्तुगीज पूर्वज नको होता. त्यांचे वडील तीन वर्षांचे असताना, १९१८ च्या साथीत, त्यांची आई वारली. कोणत्या दिवशी ते सांगावयास घरात मोठे माणूस उरले नाही. वडील जन्मभर २ नोव्हेंबरला सिमेतरीत जात आणि मोठ्या क्रुसाच्या पायाशी मेणबत्ती लावीत. कारण कबर ठाऊक नाही, तिथी ठाऊक नाही.

मी मृत्यूची वही काढली. इतर महिन्यांस जेथे एक पान पुरते, तेथे त्या ऑक्टोबरने पानेच्या पाने व्यापली आहेत. आरंभीचे सुबक अक्षर पुढे घाईचे, वाकडे होत गेलेले दिसते. पाद्री एक आणि मरणारी घरे अनेक. पतीच्या नावावरून ती ओळ सापडली. १९ ऑक्टोबर. मी तारीख सांगितली. आजी गप्प राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "फादर, तिच्यापाशी पाद्री पोचला होता का?"

अंतिम संस्कार मिळाले की नाही, हे त्या वहीत लिहावयाची रीत आहे. त्या आठवड्यात कित्येक नावांपुढे 'संस्काराविना' असे आहे. वाचण्यापूर्वी माझेच बोट क्षणभर थांबले. सेमिनरीत लॅटिनच्या तासांचा मी पुष्कळ कंटाळा केला असेन. त्या दिवशी ते दोन शब्द मला नीट वाचता आले, ह्याचे समाधान वाटले. तिला तैलाभ्यंग झाला होता.

आजींनी पदराच्या गाठीतून मिस्सेचे पैसे काढले. १९ ऑक्टोबरला सकाळच्या मिस्सेत त्या आपल्या तीन नातवंडांसह पहिल्या बाकावर होत्या, आणि त्या मृत स्त्रीचे नाव एकशे काही वर्षांनी आमच्या देवळात मोठ्याने उच्चारले गेले.