रुपयांची माळ

दागिना कशाला म्हणावे आणि पैसा कशाला, हा प्रश्न मला अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी आमच्या घरातल्या एका माळेने घातला.

माळ आहे चांदीच्या राणीछाप रुपयांची. अकोल्याजवळच्या आमच्या खेड्यात ती पणजीच्या गळ्यात असे. पुढे आजीकडे आली. प्रत्येक रुपयाच्या माथ्यावर कडी डाकलेली आणि सारे रुपये काळ्या गोफात ओवलेले. काहींवर १८६२ हे साल आहे. गंमत म्हणजे टाकसाळीने तेच साल पुढे कित्येक वर्षे छापले!

वऱ्हाडात हा रुपया खेळू लागला तो कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खेड्यात बँक कुठली? रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. कडी लावली की झाला दागिना. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटांचीही आपल्याकडे अशीच पुतळ्यांची माळ झाली होती.

१९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ साली रुपया निकेलचा झाला. पणजीच्या गळ्यातला रुपया मात्र होता तसाच राहिला.

माळेत एकवीस रुपये होते. आज तेरा आहेत. आठांचा हिशेब आजीला तोंडपाठ आहे. तीन सरकीला गेले, दोन आत्याच्या बाळंतपणाला, दोन बाबांच्या दवाखान्याला आणि एक माझ्या अमरावतीच्या प्रवेशाला.

आता ताईचे लग्न ठरले आहे. उरलेली माळ खामगावला नेऊन आटवावी आणि नव्या घडणीचे पैंजण करावेत, असे घरात चालले आहे. वजनात काही फरक पडणार नाही, हे खरे. पण पैंजणातून अडीनडीला एकच रुपया कसा काढणार? आजी एवढेच म्हणाली, "पोरा, हा दागिना नाई, हे माही सोय हाये."

मला तिचे पटते. माळ तिची आहे. ती कधी आणि कशासाठी मोडायची, ते तिनेच ठरवावे. नाणी जमवणारे म्हणतात, कडी डाकली की नाण्याची किंमत उतरते. उतरो बापडी! पहिल्या कमाईतून एक राणीछाप रुपया विकत घ्यायचा आणि कडी लावून त्या माळेत ओवायचा, एवढे मी ठरवले आहे.